कुडापलीकडचा नेम

पेशव्यांच्या पुण्यात दारूला बंदी होती. पिणाऱ्याला फटके, गाळणाऱ्याची धिंड आणि विकणाऱ्याचं घरदार सरकारजमा. या सगळ्यातून सुटलेले असे आम्हीच, तोफखान्यातले किरिस्ताव. आपल्या घरात, आपल्यापुरती गाळावी, एक थेंब बाहेर जाऊ देऊ नये, एवढीच अट. सरकारला गोवेकर गोलंदाज हवे होते आणि गोवेकर गोलंदाजांना दारू हवी होती. गोव्यात माडाची मिळायची, इथे माड कुठला, म्हणून आम्ही मोहाच्या फुलांवर भागवत असू. साऱ्या शहराला जे पाप ते आम्हाला माफ, यात काही मोठा मान आहे असं मला तरुणपणी वाटायचं. आज ते लिहितानाही कानशिलं तापतात.

आमच्या तोफखान्याचे कारकून एक अस्सल पुणेरी गृहस्थ होते. सकाळी मी डोळे चोळत कामावर आलो की ते चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, "या गोलंदाज. तोफेत भरायची दारू शिल्लक आहे का, की तीही रात्री आपणच संपवलीत?" सगळे हसायचे. मीही हसायचो. मला वाटायचं, आपण लोकांना आवडतो.

नागझरीच्या पलीकडे आमची वस्ती होती. घरं कुडाची, काटक्यांच्या भिंती शेणानं सारवलेल्या, दोन बिऱ्हाडांच्या मध्ये एकच कूड. माझ्या कुडापलीकडे आमच्या तोफेचे बैल हाकणारा गाडीवान राहायचा. तो आणि मी एकाच तोफेवर. त्यानं ती ओढून न्यायची, मी डागायची. तो कुणबी, आम्ही किरिस्ताव. त्यांच्या हातचं आम्ही खायचो, आमच्या हातचं पाणीसुद्धा त्यांना चालायचं नाही. जग तसंच चाललं होतं, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. त्याची बायको मांजरी गावची. मी तिला वहिनी म्हणायचो आणि ती मला भावजी.

ती तोफ माझ्या अंगवळणी पडलेली होती. तिच्या बुडाला एक जुनी भेग होती. वरून दिसत नसे, पण हात फिरवला की लागायची. तिला दारू जरा हात राखून भरावी लागे. हे मला ठाऊक होतं, आणि मी बरोबर असल्यावर दुसऱ्या कुणाला ठाऊक असायची गरज नव्हती.

त्या वर्षी दसरा झाला आणि दक्षिणेकडे स्वारी निघायची ठरली. निघायच्या आदल्या दिवशी वहिनी कुडाच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या मोकळ्या बोलायच्या, पण तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"भावजी, ह्यांच्याकडं बघा हां. बैलास्नी जपत्यात आन् सोताकडं ध्यान न्हाई त्यांचं."

"वहिनी, मी आहे ना बरोबर," मी म्हणालो. छाती पुढे काढून म्हणालो.

त्याच संध्याकाळी मोहिमेला निघायचं म्हणून मी मित्रांबरोबर बसलो, आणि सकाळी उठलोच नाही. बायकोनं तोंडावर पाणी मारलं, हलवलं, शेवटी रडली. तोफखान्याचा दारोगा स्वतः दारात आला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरा गोलंदाज घेऊन गेला. दुपारी मला जाग आली तेव्हा रस्त्यावर चाकांच्या चाकोऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. नव्या माणसाला भेगेचं सांगायला मी शुद्धीत नव्हतो.

माझी नोकरी गेली नाही. शहरात पडून असलेल्या जुन्या तोफा घासायच्या कामावर मला ठेवलं. वहिनींनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पिठलं केलं की कुडाच्या टोकाशी येऊन वाडगं पुढे करायच्या, पूर्वीसारखंच. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी तोंड वर करून उलट बोललो असतो, भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ते पिठलं मात्र मी बायकोच्या पानात वाढायचो.

माघ सरता सरता आमचा चाळीस दिवसांचा उपास आला. राखेच्या बुधवारी आम्ही सगळे प्रार्थनेच्या घरात जमलो. मातीच्या चार भिंती आणि वर गवत, एवढंच होतं ते तेव्हा. पाद्रीबाबांनी कपाळाला राख लावली आणि म्हणाले, प्रभू रानात चाळीस दिवस उपाशी राहिला, तुम्ही निदान एक गोष्ट सोडा, जी सोडताना दुखेल. माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. मी तिथंच ठरवलं की दारू सोडायची.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, मग ते मडकं फोडून टाका ना."

मागच्या परसात, पेरूच्या झाडाखाली, मी एक मडकं पुरून ठेवलेलं होतं. चांगली मुरलेली होती.

"औषधाला राहू दे," मी म्हणालो. "थंडीवाऱ्याचं लागतं."

"थंडी संपत आली," ती म्हणाली. मोहाला घराबाहेर काढायचं आणि परसात जागा द्यायची, असला शहाणपणा मी केला. आणि त्याला मी संयम म्हणत होतो!

आता आमच्या वस्तीतल्या लोकांना आमचा उपास कसा कळावा? गोलंदाजानं दारू सोडली, चाळीस दिवसांसाठी सोडली, देवासमोर सोडली, म्हणजे त्यानं व्रत धरलं. त्यांच्या हिशेबी व्रत म्हणजे संकल्प आला, नेम आला, शेवटी उद्यापन आलं, आणि व्रत करणाऱ्याला मान आला. म्हाताऱ्या बायका मला पाहून बाजूला सरू लागल्या. कुणी मला बसायला घोंगडी टाकू लागलं. मी आधी लाजलो. मग आवडायला लागलं. कारकुनांनीसुद्धा चष्मा काढून मला नीट पाहून घेतलं. "अरे वा. तुमचा देव हल्ली ताकावर भागवतो वाटतं," ते म्हणाले. पण त्यात नेहमीची धार नव्हती.

एका सकाळी वहिनी कुडाशी आल्या.

"भावजी, एक इचारू? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा की."

"तुमचा नेम हाय. देव तुमचा ऐकंल. माझं एक सांकडं त्याला घालू का? नेम तुमचा, मागणं माझं. ह्ये नीट परत आलं पायजेत. असं चालतं का तुमच्यात?"

मी काय सांगणार? ज्याच्यामुळे तिचा नवरा एकटा गेला, त्याच्याच नेमाला ती आपलं कुंकू बांधत होती. मी मान हलवली. "चालतं," म्हणालो.

"मंग मी बी काय तरी सोडते. फुकट मागणं बरं न्हाई. मीठ सोडते."

त्या दिवसापासून कुडापलीकडून चुलीचा वास यायचा तो अळणी भाजीचा. मीठ नसलेल्या भाजीला वास वेगळा येतो असं नाही, पण मला यायचा.

खरं सांगतो, पुढचे दिवस मी तग धरला तो देवापायी नाही. कुडाच्या भीतीनं धरला. संध्याकाळ झाली की हाताला कंप सुटायचा, जिभेला कोरड पडायची, आणि पेरूच्या झाडाकडे पाठ करून मी बसायचो. शिमगा आला. वस्तीत बोंबा, होळी, पुरणाच्या पोळ्या, सगळं झालं. वहिनींनी पोळ्या लाटल्या आणि स्वतः अळणी आमटीबरोबर खाल्ल्या. लोक म्हणायचे, गोलंदाजानं जिंकलं बरं का. मी मान खाली घालून हसायचो, विनयानं हसतो तसं.

मग तो शुक्रवार आला. मी जुन्या तोफेला तेल लावत होतो आणि दक्षिणेकडून आलेला जासूद कारकुनांच्या ओट्यावर बसून पाणी पीत होता. पाणी पिता पिता म्हणाला, मोठी तोफ फुटली. कुठली, असं कारकुनांनी विचारलं. त्यानं तिच्या तोंडावरची नक्षी सांगितली. माझी तोफ होती. नव्या गोलंदाजानं भरपूर ठासली होती. माणसं भाजली, बैल मेले. कोण कोण भाजलं ते त्याला माहीत नव्हतं.

मी हातातलं फडकं तिथंच टाकून घरी आलो. ऊन तापलेलं होतं. बायको शुक्रवारच्या प्रार्थनेला गेलेली. वहिनी दारात जात्यावर दळत होत्या, ओवी म्हणत होत्या. मला पाहून थांबल्या.

"भावजी, आज लवकर? काय खबर हाय का?"

"काही नाही, वहिनी."

मी आत गेलो, आणि आतून मागच्या दारानं परसात. आपण काय करणार आहोत हे मला ठाऊक होतं आणि मी ते स्वतःला सांगत नव्हतो. आधी म्हटलं, मडकं शाबूत आहे का ते बघू. माती उकरली. मग म्हटलं, वास उडाला असेल, झाकण काढून बघू. मग बोट बुडवलं. बोट ओलं झालंच होतं, ते चाटलं. तिथून पुढे मी स्वतःला काही म्हटलं नाही. झाडाखाली उकिडवा बसून, मडक्याला तोंड लावून प्यालो. भरून आलं होतं, रडत होतो, पण रडतानाही एक थेंब खाली सांडू दिला नाही. कुडापलीकडे जातं थांबलेलं होतं. ते मला तेव्हा जाणवलं नाही, पुष्कळ नंतर आठवलं.

बायको आली तेव्हा मी दात राखेनं घासून, लवंग चघळत बसलो होतो. तिनं एकदा श्वास घेतला आणि भांडी आपटायला सुरुवात केली.

"आता पलीकडे काय सांगणार?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"कशाला सांगायचं? तिला उगाच धसका."

"तिला, की तुम्हाला?"

मी आणखी एक लवंग तोंडात टाकली. पिणं हा एक मोह झाला. गप्प बसणं हा दुसरा, आणि त्याला तर वासही येत नाही. निदान असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी जासुदाची बातमी वस्तीत पसरली. आता तर माझा मान दुप्पट झाला. बायका वहिनींना म्हणायच्या, गोलंदाजाचा नेम आहे ना, मग धीर सोडू नकोस. वहिनी मान हलवायच्या. रडल्या नाहीत. कारकून माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "गोलंदाज, त्या बाईचा सगळा भार आता तुमच्या नेमावर आहे. सांभाळा. तोही फुटायचा नाहीतर." मला त्यांच्या जुन्या थट्टेची आठवण येऊन हेवा वाटला. मी पुन्हा दारूला शिवलो नाही, दिवसातून दोनदा प्रार्थनेला जाऊ लागलो, लोकांना दिसेल असा गुडघ्यांवर बसू लागलो. मडकं मात्र परत पुरून ठेवलं होतं.

चैत्र लागला. दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या. ऊन असं की नागझरीचं पाणी दगडांच्या खाली गेलं. एकदा बायको म्हणाली, "वहिनींचे ओठ पाहिलेत? साल निघतेय." मी म्हणालो, मीठ सोडलंय, त्यानं होत असेल. ती म्हणाली, मीठ न खाल्ल्यानं ओठ फुटतात का कधी? मी विषय बदलला.

उपास सुटतो त्या ईस्टरच्या सणाआधी प्रत्येकानं पाद्रीबाबांपुढे पापकबुली द्यायची, अशी आमची रीत. मीही गुडघे टेकले. नेम मोडला, प्यालो, असं सांगितलं. पाद्रीबाबा थकलेले होते, सकाळपासून सगळी वस्ती त्यांच्या कानाशी येऊन गेली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या पिण्यानं कुणाचं नुकसान झालं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी काही प्रार्थना म्हणायला सांगितल्या आणि क्षमा दिली. खोटं बोलून मिळवलेली क्षमा घेऊन मी हलक्या पायांनी घरी आलो. खरंच हलकं वाटत होतं. याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

सणाच्या तीन दिवस आधी गाडीवान परत आला. अर्धा चेहरा भाजून काळवंडलेला, डावा कान कायमचा गेलेला, पण आपल्या पायांनी चालत आला. कुणी माणूस मेला नव्हता. बैलांची पुढची जोडी गेली होती, आणि वहिनी त्या बैलांसाठी मोठ्यानं रडल्या, नवऱ्यासाठी रडायचं राहिलेलं सगळं त्यात आलं. मी त्याला भेटायला गेलो. त्यानं मला मिठी मारली आणि बहिऱ्या माणसासारखा ओरडून म्हणाला, "तुझ्या नेमानं वाचलो रं!" सगळी वस्ती ऐकत होती.

नवरा घरी आला तरी वहिनींनी मीठ घेतलं नाही. म्हणाल्या, नेम पुरा होऊ दे.

ईस्टरच्या दिवशी दुपारी त्यांनी उद्यापन घातलं. माझ्या व्रताचं उद्यापन, त्यांच्या अंगणात. मला आणि बायकोला पाटावर बसवलं, समोर पत्रावळी मांडल्या, भोवती रांगोळी काढली. वरण, भात, भाजी, पुरणपोळी. गाडीवानानं भाजलेल्या हातानं तुपाची धार सोडली आणि म्हणाला, जेव.

मी घास हातात घेतला आणि तो तोंडापर्यंत जाईना. बायको पत्रावळीकडे बघत होती. गाडीवान काही आणायला आत गेला, तेवढ्यात मी कसाबसा म्हणालो, "वहिनी, हे मी जेवू शकत नाही. मी नेम..."

"ठावं हाय," त्या भाजी वाढता वाढता म्हणाल्या. "कुडाची भिंत हाय, भावजी. त्या दिशी जातं थांबवून बसले व्हते मी. तुमी 'काही नाही' म्हनलात आन् मागनं वास आला. तवाच समजलं, खबर वाईट हाय."

"मग तुम्ही..."

"मंग काय? नेम मोडला तर माझं मागणं बी मोडलं ना. म्हनून तुमचा उरल्याला मीच धरला. दारू तर मी पीत न्हाई, सोडायचं काय? मंग पाणी सोडलं. दीस मावळंस्तवर घ्यायचं न्हाई." त्यांनी पळी भांड्यात ठेवली. "तुमच्या देवाला चालतं का ठावं न्हवतं. पर ह्ये आलं, म्हंजी चाललं आसंल. जेवा आता. आज मीठ हाय त्यात."

गाडीवान बाहेर आला. मी जेवलो. काय जेवलो ते कळलं नाही, मीठ तेवढं कळलं. उठताना त्या दोघांनी मला नमस्कार केला, उद्यापनाची रीत म्हणून. पाया पडून घेताना मी मागे सरकलोसुद्धा नाही.

इथं मी सुधारलो असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. शरमेनं माणूस सुधारतो हे ज्यानं म्हटलं त्याला शरम कधी वाटली नसावी. शरम फार झाली की ती विसरायलाही दारूच लागते. वैशाखात एका संध्याकाळी मी पुन्हा ते मडकं उकरलं. या वेळी उपास नव्हता, नेम नव्हता, सांकडं नव्हतं. माझ्या घरात, माझ्यापुरती, सरकारच्या परवानगीनं. मनाला असं समजावलं आणि प्यालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नागझरीवरून येत होतो. वहिनी काठावर नव्या बैलांसाठी गवत कापत होत्या. घामानं पाठ भिजलेली. विळा ठेवून त्या पाण्याच्या डबक्याशी गेल्या, ओंजळ भरली, तोंडात घेऊन चूळ भरली आणि सगळं पाणी बाहेर टाकलं. गिळलं नाही. ओल्या हातानं तोंड पुसून पुन्हा गवताला लागल्या.

मी जागच्या जागी थांबलो.

"वहिनी," मी म्हणालो, "पाणी का नाही घेतलंत?"

त्यांनी वर पाहिलं. राग नव्हता, टोमणा नव्हता. "मावळतीला घेईन," म्हणाल्या, आणि पेंढी बांधायला लागल्या.

आदल्या संध्याकाळचा वास कुडापलीकडे गेला होता; कशासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. घरातून तांब्या भरून आणावा असं मनात आलं, आणि मग आठवलं की माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नाही. त्यांची तहान भागवायला माझ्या हातात एकच गोष्ट होती.

घरी जाऊन मी मडकं काढलं आणि परसातल्या दगडावर आपटलं. भट्टीची भांडी बाहेर आणून तीही फोडली. बायको दारात उभी राहून बघत होती. सगळ्या परसात वास सुटला, कुडापलीकडे नक्कीच गेला असणार. मग मी कुडाला टेकून बसलो. ऊन उतरेना. पेरूची सावली सरकत सरकत भिंतीवर चढली, गाईगुरं परत आली, आणि शेवटी दिवस मावळला. पलीकडे घागर कलंडल्याचा आवाज आला, तांब्या भरल्याचा आला, आणि मग वहिनी पाणी प्यायल्या. घटाघटा, मध्ये न थांबता. मी कुडाला कान लावून ते शेवटच्या घोटापर्यंत ऐकलं.